उपकारस्तुतीच्या लिलावातला तिसरा हिस्सा कुणाचा? मराठवाड्यातल्या मंडळ्यांच्या पंचांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच, खजिनदार, महिला मंडळ आणि तरुण संघ यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

सोयाबीन घरात आले आहे, तूर अजून शेतात उभी आहे आणि बऱ्याच मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या सणाची, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानण्याच्या सणाची, तारीख ठरते आहे. त्या दिवशी वेदीपुढे काय काय येते हे आपण सगळेच जाणतो. ज्वारी-बाजरीच्या पायल्या, उसाची कांडी, भोपळे, पपया, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, एखाद्या घरची लोणच्याची बरणी. भक्ती आटोपली की मंडपात लिलाव होतो. मेथीची एक जुडी दोनशे रुपयांना सुटते, आणि सुटावीच. तिची किंमत बाजारात ठरत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. त्या दोनशे रुपयांचे पुढे काय होते?

बहुतेक ठिकाणी ते रंगरंगोटी, स्पीकर, वीजबिल आणि वरच्या कार्यालयाला द्यायचा वार्षिक वाटा यांत जातात. ही सगळी कामे खरी आहेत. छत गळत असेल तर पत्रे बदललेच पाहिजेत. तरीही या पत्राची मुख्य मागणी एकच आहे : उपकारस्तुतीच्या सणाला जे जमेल त्याचा तिसरा हिस्सा त्याच दिवशी, मोजणीच्या टेबलावरच, वेगळा काढा. तो दयानिधी म्हणून वेगळ्या खात्यावर लिहा आणि वर्षभर निराधार, आजारी आणि विधवांच्या घरी पोचवा. या पत्रात पुढे जे आहे ते हा हिस्सा नीट कसा पोचवायचा आणि कुठे घसरतो, याविषयी आहे.

सणात गरिबांचा हिस्सा असावा हे आम्ही मनाने ठरवलेले नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २६ वा अध्याय उघडून पाहा. प्रथमफळाची टोपली याजकापुढे ठेवायची, आपले वाडवडील कसे भटके होते आणि देवाने कसे सोडवून आणले ते तोंडाने बोलायचे, इथवरचा भाग आपण सणाला वाचतो. पण अध्याय तिथे थांबत नाही. लगेच पुढे तिसऱ्या वर्षाच्या दशांशाची गोष्ट येते : तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा, आणि त्यांनी तुझ्या वेशीच्या आत पोटभर खायचे. त्यानंतरच देवापुढे उभे राहून म्हणायचे की, पवित्र ठरवलेले मी घरातून काढले आणि ज्याचे त्याला दिले. म्हणजे देवाचे उपकार मानण्याचे बोलणे या दुसऱ्या कबुलीपाशी येऊन पुरे होते. आपण ते अर्ध्यावरच सोडून जेवायला बसतो.

आता लिलावाविषयी, कारण गळती तिथूनच सुरू होते. बोली उधारीवर चालते. भरात कुणी दोन हजारांवर कोंबडी घेतो, खजिनदार वहीत नाव लिहितो आणि पुढच्या सणापर्यंत ती बाकी तशीच राहते. हिशेबात रक्कम दिसते, हातात नसते. म्हणून बोली सुटताच पैसे, रोख किंवा मोबाइलवरून, आणि पावती तिथल्या तिथे. दुसरी अडचण अशी की बोली थोरामोठ्यांत चालते आणि मजुरी करणारी बाई मागच्या रांगेत नुसती बघत बसते. तिच्यासाठी एक टेबल ठरल्या भावाचे ठेवा : दहा-वीस रुपयांत लिंबे, मिरच्या, कोथिंबीर. तिलाही वेदीवरचे काही घरी नेता आले पाहिजे. तिसरी गोष्ट, लिलावात सगळेच विकू नका. नासणारे विका, ज्वारी, डाळ, तांदूळ, गूळ बाजूला काढा. ते दयानिधीचे पहिले धान्य.

रविवारच्या उपकारस्तुतीच्या लिफाफ्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, बाळंतपण सुखरूप झाले, पोराला नोकरी लागली. लिफाफा येतो आणि नावासकट रक्कम मोठ्याने वाचली जाते. पाचशे एक, एक हजार एक. मग ज्या आजीकडे दहा रुपये आहेत ती लिफाफाच देत नाही, आणि तिच्या नातवाचा ताप उतरला हे मंडळीला कळतच नाही. कारण वाचा, रक्कम वाचू नका. रक्कम पावतीवर असते आणि महिन्याच्या हिशेबात पावती क्रमांकासह भिंतीवर लागते, तेवढे पुरे. एवढा बदल केला तर वाचनाला वेळ तेवढाच लागतो, पण लोक उपकाराचे कारण ऐकू लागतात आणि कुणाच्या घरी काय चालले आहे हे मंडळीला समजते.

मदतीच्या कामात सगळ्यात जास्त चुका यादीत होतात. पंचांच्या बैठकीत आठवून केलेली यादी म्हणजे पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांची यादी. जो आजारी आहे तो येत नाही, म्हणून आठवत नाही. जिच्याकडे बरे लुगडे नाही ती नाताळलाही येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायातली कुरकुर हीच होती : रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. मंडळीने त्यावर काय केले ते बारकाईने बघा. सात जण निवडले, आणि स्तेफन, फिलिप्प यांच्यासह सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिले. आपल्या दयानिधीच्या समितीत वस्तीतली, मजुरी करणारी, विधवा असलेली निदान दोन माणसे नसतील तर ती समिती पुन्हा निवडा.

यादी घरी जाऊन करा. आठ ते दहा घरांमागे दोघे, त्यांत एक बाई असलीच पाहिजे, महिन्यातून एकदा. १७४२ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट पंथीयांवर प्रार्थनाघराचे कर्ज होते. दर माणशी आठवड्याला एक पेनी काढावी असे एकाने सुचवले. पुष्कळांना तेही परवडणार नाही, असे दुसरा म्हणाला. तेव्हा पहिला म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमले नाही तर त्यांचे मी भरेन. मग घरोघरी फिरणे सुरू झाले, आणि कोण कसे जगते हे तेव्हाच कळू लागले. ती पद्धत पुढे क्लास मीटिंग म्हणून पक्की झाली. मराठवाड्यातल्या मेथडिस्ट मंडळ्यांना हा वारसा आयताच मिळालेला आहे. बाकीच्यांनी तो उचलायला कुणाची हरकत नाही.

घरी गेल्यावर ‘काही अडचण आहे का’ असे विचारू नका. उत्तर एकच येते : ‘प्रभूची कृपा आहे.’ ते उत्तर खोटे नसते, पण त्यातून काही कळत नाही. असे विचारा : या महिन्याचे रेशन उचलले का, अंगठा लागला का? बीपीच्या गोळ्या कोणत्या तारखेपर्यंत पुरतील? निराधारचा पगार कधी पडला? पोरगं शाळेत जातंय की उसाला गेलं? उत्तरे वहीत लिहा, त्या घरासमोर लिहू नका. पाणी मागा आणि प्या. पाणी नुसतेच नाकारून निघून येणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या घरी परका असतो.

वहीत नावाऐवजी क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा हे फक्त तिघांना माहीत : पाळक, निधीचा खजिनदार आणि महिला मंडळातली एक जबाबदार बाई. पंचांच्या बैठकीत ‘सात नंबरला औषधाचे ६०० दिले’ एवढेच येते. पैसे दोघांच्या सहीने निघतात. वर्षाच्या हिशेबात हा निधी वेगळ्या शीर्षाखाली दाखवा. मंडळीची मालमत्ता ज्या न्यासाच्या नावे आहे त्याच्या लेखापरीक्षणात तो सामान्य खर्चात मिसळला तर पुढच्या वर्षी तो शोधूनही सापडत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल वर्गणी नेताना सोबत इतर बंधू पाठवतो, या मोठ्या रकमेवरून कुणी दोष लावू नये म्हणून. पौलाला जे जरुरीचे वाटले ते आपल्या खजिनदाराला अपमानाचे वाटू नये.

आकडे मांडून बघू. समजा मंडळीत साठ घरे आहेत आणि चाळीसच नियमित देतात. दयानिधीसाठी आठवड्याला घरामागे २० रुपये धरले तर ८०० रुपये, वर्षाचे ४१,६००. उपकारस्तुतीला ४५,००० जमले तर तिसरा हिस्सा १५,०००. एकूण ५६,६००, म्हणजे महिन्याला साधारण ४,७००. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला महिन्याला लागते ते असे : ज्वारी १० किलो, तूरडाळ २ किलो, तेल १ लिटर, मीठ, साखर, चहा, तिखट, अंगाचा आणि कपड्याचा साबण. ज्वारी सोडून हे ६०० ते ७०० रुपयांत बसते. भाव बदलतात, म्हणून दर तीन महिन्यांनी यादी दुकानात नेऊन नव्याने जोडा. चार घरांचा शिधा २,८०० धरला तरी १,९०० उरतात. ते औषध, एसटीचे भाडे, दवाखान्यातले डबे यांसाठी. हे उरलेले पैसे शिध्यात घालून पाचवे घर घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. अडीनडीच्या दिवशी पेटी रिकामी असली की पाळकाला स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो, आणि त्याचा खिसा आपल्याला माहीत आहे.

ज्वारी मुठीतून उभी राहते. मिझोरमच्या मंडळ्यांत १९१० पासून बाया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढत आल्या आहेत. आपल्याकडे ती मूठ ज्वारीची. एक मूठ सुमारे ५० ग्रॅम धरा. चाळीस घरे, महिन्यातले पंचवीस दिवस : ५० किलो. चार घरांना ४० किलो, १० किलो शिल्लक. पीठ घेऊ नका, धान्यच घ्या. पिठाला वास लागतो आणि कुणाचे किती जुने हे कळत नाही. जमा झालेले धान्य आधी पत्र्यावर उन्हात दोन दिवस वाळवा, दाताखाली कट्ट वाजले की कोठीत भरा. ओलसर एक पायली आत गेली तर सगळ्या कोठीला सोंडे लागतात. जुने खाली, नवे वर असे कधी होऊ देऊ नका. जुने आधी संपवा आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त साठवू नका. पावसाळ्यात तर महिन्याचे महिन्यालाच वाटा. किडलेले धान्य कोंबड्यांना घाला. जे आपण आपल्या चुलीवर शिजवणार नाही ते दुसऱ्याच्या दारात ठेवू नये.

आपल्या बायबलात यासाठी सुंदर शब्द आहे : सरवा. लेवीय १९ आणि अनुवाद २४ सांगतात की शेताच्या कडा कापू नका, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका. रूथच्या गोष्टीत बवाज त्याहून पुढे जातो. तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाका आणि तिला वेचू द्या, तिला बोलू नका. तिला घेताना खाली बघावे लागू नये एवढी काळजी त्याने घेतली. आपण काय करतो? नाताळच्या आठवड्यात स्टेज, बॅनर, विधवांची रांग, हातात साडी, फोटो. तो फोटो तिच्या नातवाच्या शाळेपर्यंत पोचतो. शिधा संध्याकाळी, साध्या पिशवीत, भेट देणाऱ्या दोघांनी घरी न्यावा. पिशवीवर मंडळीचे नाव नको. आणि ज्यांना मदत झाली त्यांना साक्ष द्यायला उभे करू नका. त्यांना वाटले तर ते आपणहून उठतील.

उसने पैसे देऊ नका. द्यायचे तर द्या, नाही तर नाही म्हणा. मंडळीतून उसने घेतलेला माणूस ते फेडता आले नाहीत की आधी खजिनदाराला टाळतो, मग रविवारच टाळतो. पाच हजारांपायी एक घर मंडळीबाहेर जाते.

बीड आणि आसपासच्या तालुक्यांत, जालना, परभणी, धाराशिवमध्येही, दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली असते. गावात उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या स्वाधीन केलेली पोरे. म्हणजे गरज ऑक्टोबर ते मार्च सगळ्यात जास्त, आणि आपले वाटप नेमके नाताळच्या एका दिवशी. शिध्याची यादी टोळ्या निघण्याआधी करा. जाणाऱ्या जोडप्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या : कारखाना कोणता, मुकादमाचा फोन, घरी कोण राहिले. त्या कारखान्याजवळ कोणती मंडळी आहे हे पाहून तिथल्या पाळकांना फोन करा. नाताळला पालावर कुणी चार माणसे गेली तर तिथल्या बाईला आपली मंडळी आठवते. जी बाई गरोदरपणी गेली आहे तिच्याविषयी त्या पाळकांना वेगळे सांगा. आणि घरी राहिलेल्या पोरांसाठी संध्याकाळचे एक जेवण शाळेच्या दिवसांत, मंडळीच्या आवारात. पंधरा पोरांना खिचडीसाठी तांदूळ दीड किलो आणि मूगडाळ अर्धा किलो पुरते. मुले मंडळीतली असोत की नसोत, पंगत एकच.

दवाखान्याची सेवा मनापासून होते, पण पद्धत चुकते. घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा जिल्हा रुग्णालयात माणूस दाखल झाला की पहिल्या रविवारी वीस जण जातात आणि नंतर कुणी नाही. वीस जणांची वाटणी करा : दिवसाला दोघे, सकाळ-संध्याकाळ एकेक डबा. डबा रोग्यापेक्षा त्याच्यासोबत बसलेल्याला जास्त लागतो. रोग्याने काय खायचे ते सिस्टरला विचारा. मधुमेहाच्या माणसासमोर केळी ठेवून येऊ नका. वॉर्डात प्रार्थना हळू आवाजात, पाच मिनिटे, आणि शेजारच्या खाटेवरचा झोपला असेल तर बाहेर. पहिल्याच दिवशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. ही योजना रोकडरहित आहे. बिल भरून झाल्यावर धावपळ केली तर उपयोग होत नाही. इथे आपल्या लोकांची एक खास अडचण येते : रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरे आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरे. तरुण संघाने एका महिन्यात घरोघरचे कागद तपासून नावे जुळवून घेतली तर ती वर्षभराची सेवा होईल.

कागदांची सेवा ही फार मोठी दया आहे, आणि ती जवळजवळ फुकट होते. शिध्याची पिशवी महिनाभर पुरते. निराधारचा पगार सुरू झाला तर दरमहा १,५०० रुपये, दिव्यांगांना २,५००, येत राहतात. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, ६५ वर्षांपुढच्यांसाठी श्रावणबाळ. अर्ज तहसीलला. उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षे राज्यात राहत असल्याचा पुरावा, आधारशी जोडलेले बँक खाते आणि विधवेसाठी पतीचा मृत्यू दाखला. पगार मध्येच थांबला तर बहुतेक वेळा दोनच कारणे असतात : हयातीचा दाखला दिला नाही, किंवा खाते आधारशी जोडलेले नाही. मोटारसायकल असलेल्या एका तरुणाने आजीला मागे बसवून नेले की अर्ध्या दिवसात हे होते. कुटुंबातला कमावता माणूस १८ ते ५९ वर्षांच्या दरम्यान गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये एकदाच मिळतात. हे पुष्कळ घरांना कुणी सांगतच नाही.

मृत्यूच्या घरी पहिले तीन दिवस डबे येतात आणि ते आपण चांगले करतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्यायची, शेत असेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, ही कामे दोन माणसांना नेमून द्या. खरे एकटेपण पाचव्या-सहाव्या आठवड्यात येते, तेव्हाची भेट वहीत आधीच तारखेने लिहून ठेवा. आणि ज्या घरात शेतकऱ्याने स्वतःचा जीव घेतला, तिथे उपदेश करू नका. त्याचे नाव मंडळीच्या प्रार्थनेत इतर मृतांसारखेच घ्या. त्याच्या बायकोला नजरेला नजर देऊन बोला आणि सावकार, बँक, फेरफार यांच्या कागदांवर तिच्या शेजारी बसा.

पाण्याचे एक काम लगेच होण्यासारखे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. ज्या चर्चच्या आवारात बोअर आहे त्यांनी कंपाउंडच्या भिंतीबाहेर एक तोटी काढावी. उन्हाळ्यात सकाळी एक तास, वस्तीतल्या सगळ्यांना, रांग ठरवून. पाण्यासोबत किंवा शिध्यासोबत पत्रिका देऊ नका. प्रभूविषयी कुणी विचारले तर आनंदाने सांगा, पण तहानलेल्याला अट वाटेल असे काही त्या तोटीपाशी नको. येशूच्या दृष्टांतातल्या शोमरोनी माणसाने वाटेत पडलेल्या जखमीवर तेल-द्राक्षारस ओतला, जनावरावर बसवले, उतारशाळेत दोन दिनार भरले आणि परत येताना जास्तीचे देईन म्हणाला; जखमी माणसाचा धर्म त्याने विचारल्याचे लूक कुठेच लिहीत नाही.

मदत घेणाऱ्यांनाही देण्याची जागा ठेवा. मासेदोनियातल्या अत्यंत गरीब मंडळ्यांनी आम्हालाही देऊ द्या म्हणून पौलाची विनवणी केली होती. शिधा घेणारी आजीसुद्धा तिची मूठ काढते; ती नाकारू नका, ‘राहू द्या आजी’ म्हणू नका. कुणी घंटा वाजवेल, कुणी कोठीतले धान्य पाखडून देईल, कुणी आजाऱ्यांच्या नावांची चिठ्ठी घेऊन रोज प्रार्थना करेल. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ९ व्या अध्यायात पौल म्हणतो की या सेवेने पवित्र जनांची गरज भागतेच, शिवाय देवाची पुष्कळ उपकारस्तुती होते. दया आणि उपकारस्तुती तिथे एकाच वाक्यात आहेत.

मराठवाड्याला हे नवे नाही. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे गावच वसवले. माणसाने कुठे उपासना करावी आणि कुठे राहावे यांचा विचार तिथे एकत्र झाला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जमीन हादरली तेव्हा मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. पण हळूहळू संपत जाणाऱ्या गोळ्यांना आणि थांबलेल्या पगाराला कुणाची गाडी येत नाही, म्हणून त्यासाठी वही आणि तारीख लागते.

आमची विनंती अशी आहे की येत्या पंच-बैठकीत तीन ठराव घ्यावेत. उपकारस्तुतीच्या सणाचा तिसरा हिस्सा दयानिधीला. लिफाफ्यांच्या रकमा वाचणे बंद. दयानिधीची सात जणांची समिती, त्यांत तीन बाया आणि वस्तीतली निदान दोन माणसे. ठराव झाला की पहिल्या दोन आठवड्यांत घरभेटी, तिसऱ्या आठवड्यात यादी, चौथ्या शनिवारी संध्याकाळी पहिल्या चार पिशव्या. सणाची तारीख ठरली नसेल, तर टोळ्या निघायच्या आधीची एखादी ठरवता आली तर बघा. जाणारी माणसे वेदीपुढे आपली मूठ ठेवून जातील.

प्रभूच्या सेवेत आपले,
दयानिधीचे काम पाहणारे काही सेवक-सेविका
मराठवाडा